हॉटेलात बसलेला गणपती

ईडन प्रेरी, मिनेसोटा
१४ एप्रिल २००५

ती. सौ. मीनाक्षीमावशीस,
हिमानीचा सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस, आम्ही दोघं खुशाल आहोत. फोनच करणार होते. पण आपण बोलायला लागलो की काका आतल्या खोलीतला दुसरा फोन उचलून कान लावतात, आणि हा विषय त्यांच्यापर्यंत न्यायचा की नाही ते तू ठरवायचंस.

गेल्या शुक्रवारी सिद्धेशच्या ऑफिसचं डिनर होतं, मिनिॲपोलिसच्या डाउनटाउनमध्ये. पत्ता हॉटेलचा, आणि समोर बघते तर चर्च! दगडी, शंभर वर्षांपूर्वीचं, वर टोकदार मनोरा. मी सिद्धेशला म्हटलं, तू रस्ता चुकलास. तो म्हणाला, प्रिंटआउट बरोबर आहे. आम्ही फुटपाथवर भांडत होतो तेवढ्यात गणवेशातला एक माणूस बॅगा घ्यायला धावत आला, तेव्हा कळलं की हेच ते हॉटेल. चर्चला येणारी माणसं कमी होत गेली, चर्च बंद पडलं, आणि कुणीतरी ते घेऊन त्याचं बुटीक हॉटेल केलं. वेदी होती तिथं रिसेप्शन. गाणारे उभे राहायचे त्या माडीवर खोल्या. प्रार्थनेच्या लांब बाकांवर लोक लॅपटॉप घेऊन बसलेले. उंच रंगीत काचांतून संध्याकाळचं ऊन येत होतं आणि मी काय केलं असेल? दारातच चपला काढल्या. सवय गं! वेटरला वाटलं माझे पाय दुखताहेत, त्यानं मऊ कापडी सपाता आणून दिल्या. त्या घालून मी जेवले.

खरी गंमत तळघरात. तिथं आता बार आहे. बारमागच्या भिंतीत कोनाडा, त्यात दिवा, आणि दिव्याखाली गणपती. चांगला दीड फुटाचा, मांडी घालून बसलेला, कुणी घरी केलेला असावा असा. खाली इंग्रजीत कार्ड, की हा नशीब उघडणारा हिंदू देव असून याच इमारतीत सापडला. लोक ग्लास भरून घेतात आणि जाता जाता त्याच्या सोंडेला बोट लावतात.

मावशी, तुम्ही लोक पूर्वी इथंच कुठल्याशा चर्चच्या तळघरात गणपती बसवायचात ना? ते चर्च कुठलं? आणि दुसरं, मी नमस्कार करायला हवा होता की नको? मी गोंधळले. शेवटी ज्यूसचा ग्लास पाठीमागे लपवला आणि एका हातानं केला.

लवकर लिही. काकांना नमस्कार सांगायचा की नाही तेही तूच बघ.

तुझी
हिमानी

*

कॅरी, नॉर्थ कॅरोलिना
२१ एप्रिल २००५

चि. सौ. हिमानीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र ओट्याशी उभ्यानं वाचलं आणि वरण करपलं. तुझ्या काकांनी चार वेळा विचारलं, लक्ष कुठं होतं. मी म्हटलं, वय झालं.

चर्च तेच असणार. आम्ही मिनिॲपोलिसला होतो तेव्हा मराठी घरं दोन हातांच्या बोटांवर मोजण्याइतकी. चर्चवाले भले, तळघर वापरायला देत. मूर्ती कुठली मिळायला! शुभानं आणि मी आमच्या गराजमध्ये कागदाचा लगदा कालवून एक केली. शुभा आमची शेजारीण, मोरेश्वररावांची बायको. शेजारीण म्हणण्यापुरती, बाकी सख्ख्या बहिणीला सांगितलं नाही ते मी तिला सांगितलेलं आहे. तुझ्या आईला हे कळवू नकोस. तर पीतांबराचा रंग काठाशी आला आणि संपला, तेव्हा शुभानं नेलपॉलिश आणून काठ पुरा केला. गडद लाल. ते बघ आणि कळव.

तळ्यात मूर्ती सोडायला इथं परवानगी नाही, म्हणून दरवर्षी उत्तरपूजा करून त्याला बादलीतल्या पाण्याला टेकवायचं आणि कपाटात ठेवायचं. पुढच्या वर्षी पुन्हा तोच. तुला सांगायला नको, पण सिद्धेशला सांग, की गणपती बसवला की त्याला उठवावंही लागतं. अक्षता वाहायच्या, मूर्ती जराशी उत्तरेकडे सरकवायची. मग ती नुसती मूर्ती. तोवर देव.

१९८८ साली यजमान मोरेश्वरराव आणि शुभा. चतुर्थी आठवड्याच्या मधेच आली होती, आणि रविवारी जेवणं झाल्यावर पुढच्या वर्षीचा विषय निघाला. मोरेश्वरराव म्हणाले, यापुढे शनिवारीच बसवू, कुणाला रजा मिळत नाही. तुझे काका म्हणाले, देव तिथीला येतो, वीकेंड बघून येत नाही. झालं! शब्दानं शब्द वाढला, लोकांच्या मुंजी-बारशांपर्यंत गेला. मोरेश्वररावांनी भांडी उचलली, आम्ही मंडळाचा फलक उचलला आणि दोन दारांनी दोन तट बाहेर पडले. एका मंडळाची दोन झाली, शुभाशी बोलणं संपलं. पुढे आम्ही इकडे आलो, ते लोक कुठे गेले देव जाणे.

आम्ही धरून चाललो होतो की ज्यांनी बसवला ते उत्तरपूजा करून गेले असतील. पण ते तर आमच्या आधी निघाले होते, असं आता आठवतंय. की आम्ही आधी? माझं डोकं चालेनासं झालंय. हिमानी, तो नेमका कुठे आणि कसा सापडला ते विचार. आशीर्वाद आहेतच, पण आधी हे काम कर.

तुझी मावशी

*

ईडन प्रेरी
९ मे २००५

ती. सौ. मावशीस,
सा. न. वि. वि.

नेलपॉलिश आहे. गडद लाल, एका गुडघ्यापाशी टवका गेलेलं.

मॅनेजर बाईंना भेटले. त्या म्हणाल्या, तळघरात एक बंद खोली होती. आत टेबलावर लाल कापड, त्यावर हा, पुढ्यात काळा पडलेला नारळ. चर्चच्या लोकांनी कधी हात लावला नाही. कुणाचं तरी देवाचं काम अर्धं राहिलंय, ते येतील, म्हणून त्यांनी ती खोलीच वापरायची सोडून दिली म्हणे. मला हे ऐकून रडायला आलं, आणि त्या बाई घाबरल्या.

अजून ऐक. चर्च बंद केलं तेव्हा त्यांनी रीतसर शेवटची प्रार्थना केली, बायबल बाहेर नेलं, मेणबत्ती विझवली आणि पाद्रींनी जाहीर केलं की आता ही साधी इमारत आहे. म्हणजे चर्चची उत्तरपूजा झाली आणि आपल्या गणपतीची राहिली! मग ते हॉटेल आहे की देऊळ? सिद्धेश म्हणतो, वर हॉटेल, खाली देऊळ. मी म्हटलं, खाली तर बार आहे.

सप्टेंबरात बार बदलून स्वीडिश पद्धतीचा करणार आहेत. बाई म्हणाल्या, तुमचा असेल तर ऑगस्टअखेर घेऊन जा, नाहीतर गोदामात जाईल. सिद्धेश बबल रॅप घेऊन तयार आहे. पण बसलेला गणपती असा उचलून डिकीत टाकायचा? मला वाटलं, हॉटेलवाल्यांनी टेबलावरून कोनाड्यात हलवला तेव्हाच सरकवणं झालं. तर सिद्धेशनं होकायंत्र नेऊन दिशा काढली. दक्षिणेकडे सरकवलाय.

शुभामावशींचा मुलगा विक्रम इंटरनेटवर सापडला. टेक्ससला फ्रिस्कोत असतो, आई त्याच्याकडेच. पत्ता सोबत आहे. आता चेंडू तुझ्याकडे टाकून मी गप्प बसते.

तुझी
हिमानी

*

कॅरी
२० मे २००५

सौ. शुभास,
मीनाक्षीचा स. न. वि. वि.

अक्षर ओळखलंस ना? फाडू नकोस, आधी वाच.

तू बरी असशील. आपला गणपती सापडलाय. माझी भाची मिनिॲपोलिसजवळ असते, तिनं पाहिला. ते चर्च आता हॉटेल झालंय आणि आपला देव तळघरातल्या बारमध्ये बसलाय. पिणारे त्याच्या सोंडेला हात लावतात. तुझा नेलपॉलिशचा काठ शाबूत आहे. बंद खोलीत नारळासकट मिळाला, म्हणजे उत्तरपूजा तुम्हीही केली नाहीत आणि आम्हीही नाही. इतकी वर्षं बसून आहे बिचारा. दीड दिवसाचे असतात, दहा दिवसांचे असतात, सतरा वर्षांचा कुणी ऐकलाय का?

ऑगस्टअखेर तो तिथून हलवायचा आहे आणि त्याआधी त्याला नीट निरोप द्यायला हवा. माझ्या जिवाला चैन नाही. ज्यांनी बसवला त्यांनीच उठवावा, तेव्हा मोरेश्वररावांना घेऊन ये. दोघे पुरुष तोंडं फिरवून उभे राहिले तरी चालतील, ते त्यांना छान जमतं. आपण दोघी सांभाळून घेऊ.

हो म्हण. जुना लोभ तळाशी थोडा उरला असेल तर ढवळून बघ.

मीनाक्षी

*

फ्रिस्को, टेक्सस
११ जून २००५

सौ. मीनाक्षीस,
स. न. वि. वि.

पत्र मिळालं. हे दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये गेले. पोटाचा कॅन्सर होता.

तुला कळलं नसणार, हे मला ठाऊक आहे. तू माझ्या नावामागे सौ. लिहिलंस. पाकीट विक्रमनं आणून दिलं, तो ते वाचून खोलीत निघून गेला. मी मात्र ते बराच वेळ हातात धरून बसले. राग यायला हवा होता, आला नाही. का आला नाही ते मला सांगता येत नाही.

राग दुसऱ्याच गोष्टीचा आला. एवढ्या वर्षांनी लिहिलंस, त्यात गणपतीची चौकशी पानभर आणि माझी एका ओळीत. मी बरी असेन हे तू ठरवूनच टाकलंस.

उत्तरपूजेचं आम्हाला वाटलं तुम्ही केलीत. आम्ही निघालो तेव्हा तुम्ही तिथंच होतात. मला तरी तसंच आठवतं. आता विचारायला हे नाहीत.

मी येणार नाही. यजमान ते होते, मी फक्त त्यांच्या हाताला हात लावून बसले होते. आणि हे गेल्यापासून मी पूजेला बसत नाही. इथल्या मंडळातल्या बायका चांगल्या आहेत, पण हळदीकुंकवाच्या दिवशी फोन करत नाहीत. त्यांनाही काय करावं ते कळत नसेल. तेव्हा तुम्हीच उरका. तुझ्या दिगंबररावांना पूजा सगळी तोंडपाठ आहे.

शुभा

*

कॅरी
१९ जून २००५

चि. हिमानीस,
अ. उ. आ.

मोरेश्वरराव गेले गं. दोन वर्षं झाली. आणि मी मूर्ख, सौ. लिहून बसले. शुभा येणार नाही म्हणते. तिचं पत्र सोबत पाठवते, मला पुन्हा लिहून सांगवत नाही. सगळा हुरूप मेला. मला आता कळत नाही की मला गणपती उठवायचा होता की शुभाला बोलवायला एक निमित्त हवं होतं.

काकांना सांगावंच लागलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बाहेर जाऊन लॉन कापायला लागले. आदल्याच दिवशी कापलं होतं. भर उन्हात दुसऱ्यांदा सगळं कापून आत आले, पाणी प्याले, आणि मोऱ्या माझ्यापेक्षा सहा महिन्यांनी लहान होता, एवढंच म्हणाले. मग पोथी काढून बसले आहेत. जेवायला हाक मारली तर येत नाहीत. काय शोधताहेत देव जाणे.

मॅनेजर बाईंना सांग, ऑगस्टपर्यंत त्याला कुणी हलवू नये. पुढचं मला सुचत नाही, तू मात्र लिहीत राहा.

मावशी

*

कॅरी
२६ जून २००५

श्रीमती शुभावहिनींस,
दिगंबरचा स. न. वि. वि.

पत्रास कारण की, मोरेश्वरचे वृत्त समजले. त्याविषयी काय लिहावे हे मला येत नाही. मी पत्रे लिहीत नाही, ते काम मीनाक्षीचे.

उत्तरपूजेबद्दल आपण लिहिलेत की यजमान ते होते. मी पोथी दोनदा चाळली. पूजेस दोघे बसतात, संकल्प दोघांचा असतो. त्यातील एक व्यक्ती आहे, तेव्हा यजमानही आहेत असा त्याचा अर्थ मी घेतो. मला अधिकार नाही. मी त्या वर्षी संकल्पाला मागे उभा होतो. कोणी हरकत घेतल्यास त्यास माझा फोन नंबर द्यावा. माझा अर्थ चुकीचा ठरला तर दोष मला लागेल, तो घेण्यास मी तयार आहे.

२० ऑगस्ट कसा वाटतो? शनिवार आहे. विक्रमला रजा टाकावी लागणार नाही.

आपण न आल्यास मी पूजा करणार नाही. तो बसून राहील. हे दडपण म्हणून नव्हे, माहितीसाठी लिहिले.

आपल्या घरात माझ्याविषयी काही राग शिल्लक असल्यास तो राहू द्यावा.

दिगंबर

*

कॅरी
२४ ऑगस्ट २००५

चि. सौ. हिमानीस,
अ. उ. आ.

तुझ्या त्या क्लायंटचं भलं होऊ दे म्हणवत नाही! नेमकं शनिवारीच त्याचं काय ते गो-लाइव्ह निघावं आणि तू ऑफिसात अडकावीस. सगळी जमवाजमव तुझी आणि पाहायला तू नाहीस. सिद्धेशनं काय सांगितलं असेल ते असो, तो निम्मा वेळ पार्किंग शोधत होता. म्हणून मी लिहिते.

आम्ही आदल्या दिवशीच त्या हॉटेलात उतरलो. काकांचा हट्ट, की देव इतकी वर्षं इथं राहिला तर आपण एक रात्र राहू. खोली माडीवर, खिडकीत एक अख्खा संत, निळ्या काचेचा. पलंग त्याच्या पायाशी. काका म्हणाले, याच्यासमोर शर्ट कसा बदलू? शेवटी न्हाणीघरात जाऊन बदलला. मॅनेजर बाईंना ते सारखे फादर म्हणत होते. बाईंनी एकदाही दुरुस्त केलं नाही.

सकाळी बार बंद होता. शुभा विक्रमबरोबर आली. खूप वाळली आहे. मी मिठी मारायला पुढे झाले, तिनं हात पुढे केला, आणि ते दोन्ही अर्धवट राहून आम्ही एकमेकींच्या पर्स धरल्या. हसावं की काय कळेना. विक्रम मला आँटी म्हणाला आणि काकांना सर. लहानपणी तो काकांच्या खांद्यावर बसायचा, त्याला आठवत नाही.

ती दाराशीच उभी राहिली, सवाष्णींच्या पूजेत विधवेनं उभं राहावं तशी. काकांनी पाट मांडला, पोथी उघडली, आणि नाव घेऊन, श्री. मोरेश्वर यांच्या पत्नी शुभा, असं कोर्टात पुकारतात तसं पुकारलं. ती आली. बसली. काका मंत्र म्हणू लागले, आणि ज्याला झोपेतही चूक होत नाही त्या माणसाला दोनदा पान उलटून मागे जावं लागलं. मी अक्षता तिच्या हातात दिल्या. तिनं मूठ मिटली आणि तशीच राहिली. मग म्हणाली, तुम्ही सगळे जरा बाहेर जाता का?

गेलो. वरच्या बाकांवर ओळीनं बसून राहिलो, चर्चला आल्यासारखे. शेजारी एक जोडपं नकाशा पसरून रस्ता शोधत होतं. काका म्हणाले, उत्तरपूजेला इतका वेळ लागत नाही. मी म्हटलं, गप्प बसा. विक्रमनं विचारलं, इज शी ओके? मला काय ठाऊक!

खूप वेळानं ती जिन्यावरून आली. गणपती स्वतः उचलून, लहान मूल घेतात तसा खांद्याशी धरलेला. डोळे लाल, पण चेहरा सैल झाला होता. पाणी कुठे आहे, एवढंच विचारलं. आमच्या न्हाणीघरात आंघोळीचा पांढरा टब होता, त्यात पाणी भरलं आणि आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला सोडलं. काकांनी हळू आवाजात आरती म्हटली, हळू म्हटली तरी त्यांचा आवाज सगळ्या मजल्यावर गेला असणार. दुपारपर्यंत लगदा सुटला. विक्रमनं सगळा पिशव्यांत भरला, मॅनेजर बाईंनी अंगणातल्या मेपलच्या बुंध्याशी जागा दाखवली.

ती एकटी तिथं काय करत होती, हे मी विमानतळावर तीनदा विचारलं. तिनं तीनदा हवेचा विषय काढला. मी पत्रानं पुन्हा विचारलंय. अक्षता वाहिल्या की नाहीत, तेसुद्धा मला खात्रीनं माहीत नाही. म्हणजे आम्ही टबात देव सोडला की कागद, कुणास ठाऊक. काकांना हे बोलले नाही.

दोघं जपून राहा, आणि त्या क्लायंटला माझा राग पोचव.

तुझी मावशी

*

फ्रिस्को
३१ ऑगस्ट २००५

प्रिय मीनाक्षीस,
शुभाचा स. न. वि. वि.

विक्रमसमोर सांगायचं नव्हतं, म्हणून हवेवर बोलत राहिले. आता लिहिते.

दिगंबरराव मंत्र म्हणत होते आणि मी त्याच्याकडे बघत होते. हात उचलणार तेवढ्यात मनात आलं की याला ज्यांनी बसवलं ते एका रविवारी तावातावानं उठून गेले आणि परत आलेच नाहीत. ते का आले नाहीत हे याला कुणी सांगितलंय? माझी मूठ उघडेना. म्हणून तुम्हाला बाहेर जा म्हटलं.

मग मी त्याला सगळं सांगितलं. पोट दुखायला लागलं तिथपासून. आम्ही कितीतरी दिवस ॲसिडिटी समजून सोडा पाजत राहिलो ते. केस गेल्यावर हे विक्रमची बेसबॉलची टोपी उलटी घालून बसायचे ते. शेवटी शेवटी भात मऊ करून भरवला तरी ओठ मिटून घ्यायचे आणि मी एकदा त्यांच्यावर ओरडले, तेही. विक्रमला यातलं सगळं माहीत आहे, म्हणून त्याच्याशी बोलता येत नाही. इतर लोक विचारतात, पण अर्ध्यात डोळे पुसून विषय बदलतात, आणि मी पण बदलू देते. दोन वर्षांत मी हे पहिल्यापासून शेवटपर्यंत कुणाला सांगितलंच नव्हतं, मीनाक्षी. त्यानं मधे एकदाही थांबवलं नाही.

सांगून झालं तेव्हा मूठ उघडलेली होती, अर्ध्या अक्षता मांडीवर सांडल्या होत्या. त्या वेचल्या. त्याला म्हटलं, ते आता यायचे नाहीत, तू वाट पाहू नकोस. आणि अक्षता वाहिल्या.

तू फोन करत जा. दिगंबररावांनी दुसरा फोन उचलला तरी चालेल.

तुझी
शुभा